बाटलीतली वळवळ

बाटलीतला कोंडा कागदावर ओतला तेव्हा त्यात वळवळ दिसली. तेवढ्यावर मी खूश झालो, आणि तिथेच फसलो.

पॉलिहाऊसमधल्या ढोबळी मिरचीवर पांढरी माशी आली होती. फवारण्यांना कंटाळून परभक्षी कोळी (किडी खाणारे बारीक माइट, कोंड्यात मिसळून बाटलीतून येतात) सोडायचं ठरवलं, अँब्लिसियस स्विरस्की. फोनवर विक्रेता म्हणाला, "उडत्या माश्यासुद्धा फस्त करतात साहेब, आणि बाटली महिनोन्महिने टिकते." दोन्ही थापा. हा कोळी जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्याला पंख नाहीत. तो माशीची अंडी आणि अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली पिल्लं खातो; उडत्या माशीच्या वाटेला जात नाही. बाटलीत तो थंड जागी ठेवूनही फार तर काही दिवस धड राहतो. माझ्या बाटलीवर तर तारीखच नव्हती, आणि मला ते खटकलंही नाही.

तीन आठवड्यांनी पानं चिकट, त्यावर काळी बुरशी, झाड हलवलं की पांढरा धुरळा. विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: "तुम्ही आधी औषध मारलं असणार." मी गप्प झालो, कारण सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारलं होतं खरं, आणि त्याचा पानावरचा अंश या कोळ्यांना कितीतरी आठवडे घातक असतो. पण विकताना त्यानं हे विचारायला नको का?

तरी मी पुन्हा त्याच्याकडूनच बाटली मागवली. (हसा.) या वेळी ती आली त्याच दिवशी कीटकशास्त्र शिकलेल्या एका मैत्रिणीनं दहापट भिंग लावून पाहिली. परभक्षींचा प्रवासातला शिधा म्हणून कोंड्यावर वाढणारे दुसरे कोळी बाटलीत घालतातच, त्यात लबाडी नाही. हे कोळी पांढुरके, अंगावर लांब केस, चाल अगदी संथ. स्विरस्की नासपतीच्या आकाराचा, चकचकीत, केस आखूड आणि पळायला चपळ. दहा मिनिटं शोधून पळणारे दोन सापडले. बाकी सगळा शिधाच. शिकाऱ्यांच्या नावाखाली मी त्यांचा डबा विकत घेतला होता.

आता बाटली आली की ती आडवी धरून हळूहळू फिरवतो, कारण कोळी वरच्या बाजूला गोळा होतात आणि पहिल्याच चमचाभर कोंड्यावरून चुकीचा अंदाज येतो. मग थोडा कोंडा काळ्या कागदावर पसरून पळणारे मोजतो. उघडल्यापासूनचं चित्रीकरणही ठेवतो. पैसे परत मागितले तेव्हा माझ्याकडे तेच नव्हतं, आणि विक्रेत्यानं एकच प्रश्न विचारला होता: "कोळी हलत होते की नाही?"

हलत होते.