डिमेन्शिया झालेल्या आत्याला भेटताना: चूक दुरुस्त करायची की सोबत हसायचं?

घरातलं माणूस डिमेन्शियामुळे, म्हणजे स्मृतिभ्रंशामुळे, केअर होममध्ये गेलं की भेटायला जाणाऱ्यांत दोन गट पडतातच, एक म्हणतो ती चुकीचं बोलली की लगेच खरं सांगा, दुसरा म्हणतो तिच्या कलाने घ्या आणि जमलं तर हसा. माझं मत सरळ आहे, बहुतेक वेळा दुसरं. सरसकट मात्र नाही.

माझी आत्या अजून विचारते, "बेतीची फेरी सुटली काय गो?" म्हणजे पणजीहून मांडवी नदीपलीकडच्या बेतीला जाणारी फेरीबोट. आता दुरुस्त करायचं तर सांगावं लागेल की तू पणजीच्या धक्क्यावर नाहीस, मांडवीवरचा पूल 1986 ला पडला, नंतर नवे पूल झाले, आणि हे सगळं सांगून झालं की पाच मिनिटांनी तोच प्रश्न परत, कारण अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त दिसणाऱ्या प्रकारात, नवीन गोष्ट लक्षात ठेवणंच आधी जातं. आपण तिला खोटं पाडलं ही बोच तेवढी तिच्या मनात राहते. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये अल्झायमरच्या पेशंटना दुःखी आणि आनंदी सिनेमांचे तुकडे दाखवले होते, काय बघितलं ते बरेचसे विसरले पण मनातली भावना नंतरही टिकली. दुरुस्त करण्याऐवजी "थांबलीय गो आत्ये, खलाशी च्या घेतोय" म्हटलं की ती खुदकन हसते, म्हणते "मेलो सदांच च्या घेता!" आणि मग फेरीवरचे जुने किस्से सुरू. फेरी अजून चालतेच, त्यामुळे फार खोटंही बोलावं लागत नाही.

ठरवून केलेले विनोद, म्हणजे व्हॉट्सॲपवरचे जोक वगैरे, मला नाही पटत. शेवट येईपर्यंत सुरुवात लक्षात ठेवावी लागते ना. त्यापेक्षा आवाज, हावभाव, नक्कल. पोदेराचा, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याचा, पों पों, दशावतारातल्या संकासुराची चाल, हे गोव्यातल्या पेडण्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. सिडनीच्या 35 नर्सिंग होममध्ये प्रशिक्षित विदूषक नेऊन अभ्यास झाला होता, 2013 ला छापून आला, पेशंटची अस्वस्थता कमी झाली पण डिप्रेशनवर फरक दिसला नाही, म्हणजे हसणं उपयोगी आहे पण ते औषध समजू नका.

आता हसायचं नाही कधी? ती गेलेल्या नवऱ्याची वाट बघत असेल तेव्हा जोक नको आणि दरवेळी "काका गेले" असं सांगून तिला नव्याने रडवणंही नको, "काकांची आठवण येते ना, सांग ना त्यांचं" एवढं पुरे. एकदोन दिवसांत गोंधळ अचानक वाढला तर सिस्टरना लगेच सांगा, लघवीचं इन्फेक्शनसुद्धा असू शकतं. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि कानशिलाजवळच्या भागावर परिणाम करणाऱ्या प्रकारात, माणूस दुसऱ्याच्या दुःखाच्या बातमीवरही हसू शकतो, तो आजार आहे, तिथे टाळी देऊन साथ देऊ नका आणि रागावूही नका. आणि तिच्यादेखत स्टाफबरोबर तिच्यावर हसणं, व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकणं, हे कुठल्याच पर्यायात बसत नाही. तिला कळतं.

जमलं तर सकाळी जा, बऱ्याच पेशंटना संध्याकाळी जास्त घाबरायला होतं, तेव्हा हसवण्यापेक्षा हात धरून बसलेलं बरं.