माणूस ठेवण्याआधी काय तपासावे: ई-कोर्ट, एफआयआर यादी, पोलीस पडताळणी की एजन्सी?

लातुरात खोली भाड्याने द्यायची असो, वाळूजच्या कारखान्यात रखवालदार घ्यायचा असो की बीडच्या मुकादमाला (ऊसतोड मजूर पुरवणाऱ्याला) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायची असो, मनातला प्रश्न एकच: याच्यावर काही केस आहे का? आपल्याकडे नाव टाकले की माणसाचा सगळा गुन्हेगारी इतिहास दाखवील अशी खुली नोंदवही नाही. गुन्हे आणि गुन्हेगारांच्या नोंदींची पोलिसांची सीसीटीएनएस ही संगणक प्रणाली आहे, पण ती पोलिसांपुरती. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ पासून आहे, तीही तपास यंत्रणांनाच उघडते. सामान्य माणसाला चार वाटा उरतात आणि प्रत्येक वाटेवरून प्रकरणाचा वेगळाच तुकडा दिसतो.

ई-कोर्ट: फुकट, पण चिकाटी लागते

ई-कोर्ट म्हणजे न्यायालयांतल्या खटल्यांची ऑनलाइन माहिती. त्याच्या संकेतस्थळावर किंवा ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ ॲपवर राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडायचे, पक्षकाराच्या नावाची किमान तीन अक्षरे आणि वर्ष टाकायचे. समोरच्याची संमती लागत नाही, पैसे लागत नाहीत. मात्र हा शोध त्या एका संकुलापुरता आणि त्या एका वर्षापुरताच असतो. बीड निवडले म्हणून अंबाजोगाई, माजलगाव, केज, आष्टी पाहून झाले असे नाही. दहा वर्षे मागे जायचे तर प्रत्येक संकुलात दहा शोध, दर वेळी नवा कॅप्चा. ‘प्रलंबित’ एवढेच निवडलेले राहिले तर निकाल लागलेले खटले सुटतात. दोन्ही प्रकार निवडा. ऊसतोडीला जाणारा माणूस वर्षातले सहा महिने सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकात असतो, तेव्हा नुसता बीड जिल्हा पाहून काहीच कळत नाही.

दुसरा घोळ नावाचा. नाव बहुतेक वेळा इंग्रजीत टाकावे लागते आणि ‘शेख’, ‘सय्यद’ ही नावे चार-चार प्रकारे लिहिलेली सापडतात. ‘जाधव’च्या शेवटी कुठे व्ही, कुठे ओ. म्हणून पूर्ण नाव टाकण्यापेक्षा अर्धवट नाव टाका आणि यादीतून वडिलांच्या नावावरून माणूस निवडा. आरोपी सातआठ असतील तर मथळ्यावर पहिल्याचेच नाव आणि पुढे ‘व इतर’. प्रकरण उघडल्याशिवाय बाकीचे कळत नाहीत. जिल्ह्यांची नवी नावे काही ठिकाणी लागली आहेत, काही ठिकाणी जुनीच. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव, दोन्ही ध्यानात ठेवा.

नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे नाही. प्रकरणात पोलीस ठाणे, एफआयआर क्रमांक आणि वर्ष दिलेले असते, ते टिपून घ्या. आरसीसी म्हणजे नियमित फौजदारी खटला, एससीसी म्हणजे संक्षिप्त. चेक न वटल्याची कलम १३८ ची प्रकरणे बहुधा दुसऱ्यात असतात. मुकादमाला उचल देणाऱ्याला तीच जास्त कामाची. कलम वाचताना कायद्याचे नाव आधी वाचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या दंड संहितेचे ३०२ म्हणजे खून, पण नव्या संहितेतले ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल आहे. खून आता १०३ मध्ये. आकडा पाहूनच माणसाला खुनी ठरवणारे कमी नाहीत.

छत्रपती संभाजीनगरच्या उच्च न्यायालय खंडपीठाचा शोध वेगळा, मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर. गुन्हा तिथे रद्द झाला तरी आदेश खाली पोहोचून नोंद होईपर्यंत तालुक्याच्या न्यायालयात खटला प्रलंबितच दिसू शकतो.

प्रसिद्ध एफआयआर: सुरुवात दिसते, शेवट नाही

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशामुळे एफआयआर साधारण २४ तासांत संकेतस्थळावर यायला हवा. अडचणीच्या ठिकाणी ही मुदत ७२ तासांपर्यंत वाढते. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणे आणि तारखा देऊन तो पाहता येतो. जिल्हा निवडताना शहर आयुक्तालय आणि ग्रामीण अधीक्षक यांत गल्लत होते. लैंगिक गुन्हे आणि पोक्सोसारखी (बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालची) संवेदनशील प्रकरणे इथे टाकली जात नाहीत. म्हणजे शाळेच्या बसचालकाबाबत जे कळायला हवे तेच इथे नसते. शिवाय पोलिसांनी पुढे न्यायालयाकडे तपास बंद करण्यासाठी ‘ब’ समरी (तक्रार खोटी) किंवा ‘क’ समरी (गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची) मागितली, तर त्याचा पत्ता एफआयआरच्या पानावर लागत नाही. दोषारोपपत्र तर सार्वजनिक दस्तऐवजच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. ई-कोर्टात सापडलेले प्रकरण त्याच माणसाचे आहे का, हे पत्त्यावरून ताडून पाहायला ही यादी ठीक. नुसत्या यादीवर निर्णय घेऊ नका.

चारित्र्य पडताळणी: वेळ खाते, पण आतले दिसते

हा अर्ज उमेदवाराने स्वतः ऑनलाइन करायचा असतो: फोटो, सही, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, शुल्क, मग ठाण्यात बोलावणे, आणि शेवटी अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाकडून प्रमाणपत्र. मराठवाड्यात आयुक्तालय फक्त छत्रपती संभाजीनगर शहरात आहे, बाकी सगळीकडे अधीक्षक. अर्ज रखडण्याची नेहमीची कारणे म्हणजे आधारवर एक पत्ता आणि राहणे दुसऱ्या हद्दीत, किंवा आधीचा मुक्काम परजिल्ह्यात. तिथल्या ठाण्याचा अहवाल आल्याशिवाय फाइल हलत नाही.

या वाटेची खरी किंमत वेगळ्याच गोष्टीत आहे. प्रतिबंधक कारवाई, म्हणजे ‘चॅप्टर केस’, कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे चालते. तडीपारीचा आदेशही पोलीस किंवा प्रांताकडून (उपविभागीय अधिकाऱ्याकडून) निघतो. ई-कोर्टात यातले सहसा काही दिसत नाही, ठाण्याच्या नोंदीत असते. बालपणीचे निकाली प्रकरण मात्र इथेही येणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार पोलिसांना ते उघड करता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

पासपोर्ट कार्यालयातून ५०० रुपयांत मिळणारे पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) हा वेगळा कागद. तो परदेशातली नोकरी, वास्तव्य किंवा दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी. इथल्या नोकरीसाठी तो मागू नका. आणि ओळखीच्या हवालदाराला ‘जरा नाव बघा’ म्हणणे ही पडताळणी नव्हे. त्यात तो अडचणीत येतो आणि तुमच्या हाती कागद येत नाही.

खासगी एजन्सी

यांनाही सीसीटीएनएस खुले नसते. बहुतेक जण ई-कोर्टच चाळतात, पत्त्यावर माणूस पाठवतात, आधीच्या मालकाला फोन करतात. महिन्याला पन्नास माणसे घेणाऱ्या कारखान्याला हे परवडते, एका भाडेकरूसाठी नाही. अहवालात ‘नोंद नाही’ असेल तर कोणती संकुले, कोणती वर्षे आणि नावाची कोणती रूपे तपासली ते लेखी मागा. उत्तर टाळले तर पैसे देऊ नका. उमेदवाराची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा.

मग कोणी काय करावे

घरमालकाने भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यावी आणि मागच्या तीन-चार वर्षांच्या मुक्कामाची संकुले ई-कोर्टवर पाहावीत; संध्याकाळभराचे काम आहे. शाळा, वसतिगृह, वृद्धांची देखभाल आणि सुरक्षारक्षक यांच्यासाठी चारित्र्य पडताळणीला पर्याय नाही. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत मुलांजवळ एकट्याने काम देऊ नका. उचल देणाऱ्याने पोलिसांपेक्षा ई-कोर्टवर भर द्यावा, मुकादमाच्या गावापासून कारखान्याच्या गावापर्यंत. निवडणुकीतला उमेदवार तपासायचा असेल तर यातले काहीच नको: विधानसभा-लोकसभेसाठी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर नमुना २६ चे शपथपत्र असते, त्यात प्रलंबित खटले आणि झालेली शिक्षा त्याला लिहावीच लागते.

काही सापडलेच तर त्या माणसाला प्रकरण क्रमांक दाखवून आदेशाची नक्कल मागा. निर्दोष सुटलेला किंवा तडजोडीत मिटलेला माणूस न्यायालयाच्या नक्कल विभागातून ती काढून आणू शकतो. एकाच गावात एकाच नावाचे दोघे असतील, तर जन्मसाल आणि आरोपीचा पत्ता पाहिल्याखेरीज नकार कळवू नका.