ओपिनेल नंबर ८ (कार्बन): आठ महिने वापरला, अनेकदा उसना दिला

गेल्या रविवारी माझा ओपिनेल, म्हणजे लाकडी मुठीचा घडीचा फ्रेंच चाकू, उघडेचना. अंगठ्याचं नख मोडलं तरी पातं जागचं हललं नाही. आदल्या आठवड्यात ट्रेकला एका मित्राने लिंबं कापायला घेतला होता. कापून झाल्यावर त्याने तो पाण्याखाली धरला, ओलाच मिटला आणि परत दिला. मीही न बघता सॅकच्या कप्प्यात टाकला. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ पाणी पिऊन फुगली आणि पातं आत आवळलं गेलं.

स्टेनलेस सोडून कार्बन स्टीलच्या पात्याचा घेतला, कारण थोडा स्वस्त पडला आणि साध्या दगडावरही त्याला पटकन धार येते. टोमॅटो दाबावा लागत नाही. कैरी-कांद्याने पात्यावर निळसर करडी झाक चढते, ती मला आवडते. लाल गंज मात्र वेगळा, तो पातं खातो.

मला बोलायचंय ते कडीबद्दल. १९५५ पासून या चाकूला मुठीच्या तोंडाशी धातूची फिरती कडी असते. पातं उघडून ती फिरवली की चाकू बोटांवर मिटत नाही. पण हे ठाऊक असतं फक्त मालकाला. आजवर ज्यांना दिला त्यांतल्या बहुतेकांनी कडी न लावताच कापायला घेतलं, नाहीतर कडी लागलेली असताना जोर करून मिटायला बघितलं. दोन्ही वेळा माझा जीव वर-खाली. म्हणून आता मिटलेला चाकू मी कुणाच्या हातात देतच नाही. उघडतो, कडी फिरवतो, मूठ समोरच्याकडे करतो आणि सांगतो, ‘मिटू नकोस, असाच परत दे.’

रविवारी तर ठरवलंच होतं की यापुढे कुणालाच द्यायचा नाही. मग ऑगस्टमधलं पाचनई आठवलं. हरिश्चंद्रगड उतरून जेवायला थांबलो होतो. त्या घरच्या मावशींनी कांद्यासाठी ‘दे रं बाळा जरा’ म्हणून चाकू मागितला. चिरून झाल्यावर पदराने पातं दोन्ही बाजूंनी पुसलं, मूठ माझ्याकडे केली आणि म्हणाल्या, ‘कोरडा ठेव, लोखंड हाय.’ मी एक अक्षर सांगितलं नव्हतं.

अडकलेलं पातं कसं सोडवलं ते सांगतो. कडी मोकळी ठेवून मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं. चाकू मूळचा फ्रान्सच्या ज्या सावोय भागातला, तिथली ही जुनी पद्धत. तिसऱ्या ठोक्याला पातं इतकं वर आलं की चिमटीत धरता आलं. फार आनंद झाला! बारीक पॉलिश पेपरने गंज काढला, पात्याला खोबरेल तेल लावलं, मुठीला जवसाचं तेल दोन वेळा पाजलं. आता कडीही हलकी फिरते.

दिवाळीनंतरच्या ट्रेकला त्याच मित्राने मागितला तर देईन. सोबत कोरडा फडकाही देईन, आणि परत घेताना त्याच्यासमोरच उघडून बघेन.