स्टेशनजवळची जुनी घरं दाखवणारा एजंट : पाचपैकी अडीच स्टार

नाव लिहीत नाही, उगं भांडण नको. पण सोलापूर स्टेशनच्या आसपास इन्व्हेस्टमेंट म्हणून जुनं घर बघत असाल तर हाच नाहीतर ह्याचाच कोणतरी भाऊबंद तुम्हाला भेटणार, म्हणून लिहितोय.

मी पुण्यात नोकरीला, आईवडील सोलापुरात. थोडे पैसे साठले होते, वाटलं गावाकडं काहीतरी घेऊन ठेवावं. (पुण्यातल्या मित्रांना "मोदीत घर बघायला चाललोय" म्हटलं तर हसायला लागले, आमच्याकडं तो एरिया आहे बाबांनो, स्टेशनजवळ.)

आधी चांगलं सांगतो. माणूस वेळेचा पक्का. मी सकाळी हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला परत जाणार म्हणून आदल्या संध्याकाळी उशिरापर्यंत गाडीवर बसवून फिरवला, दोन दिवसात सात घरं दाखवली, एकदाही चहाचं बिल मला देऊ दिलं नाही. बोळ न बोळ पाठ आहे त्याला. कुठलं घर भावाभावात अडकलंय, कुठं सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून आजोबाचंच नाव आहे, हे त्यानं न विचारता सांगितलं. एवढं कोण सांगत नाही.

पण बोलायला लागला की नुस्ती रेल्वे. वंदे भारत 2023 ला चालू झाली, दौंडपर्यंत डबल लाईन झाली, तुळजापूर-धाराशिवची नवीन लाईन येतीय, आता विमान पण उडतंय, दोन वर्षात भाव डबल होतोय बगा साहेब. यातलं काहीच खोटं नाही हो. पण मी त्याच वंदे भारतनं येतो-जातो ना, डब्यात सगळी आमच्यासारखीच, गाव सोडून पुण्या-मुंबईला राहणारी. सोलापुरात माणूस स्टेशनवर येतो तो जायला. भाड्यानं राहायला कोण येणार ते सांग की. 1877 च्या जुन्या मिलपासून ह्या गावात मिलवर माणसं यायची, खोल्या भरलेल्या असायच्या, मिल एकेक करून बंद पडल्या आणि खोल्या तशाच राहिल्या. त्याच खोल्या आता "स्टेशन फेसिंग प्रॉपर्टी" म्हणून दाखवतात.

मला आवडलेलं घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, पुढं दोन खोल्या, मागं एक खोली आणि मोकळी जागा, किंमत 28 लाख. भाडं किती येईल विचारलं तर म्हणाला 7 हजार कुठं गेले नाहीत. बरं धरू 7. वर्षाचे 84 हजार, म्हणजे 3 टक्के, त्यातून घरपट्टी, माळवदाची दुरुस्ती आणि रिकामे महिने वजा. पोस्टाच्या मासिक योजनेत 7.4 टक्के मिळतायत आणि तिथं पावसाळ्यात गळत नाही. (तिथं जॉइंटला 15 लाखाची मर्यादा आहे ती गोष्ट वेगळी.) मग फायदा राहतो तो फक्त जागेचा भाव वाढला तर, आणि तो वाढंल म्हणून सांगणारा एकटा एजंटच.

आता मेन तक्रार. मागच्या खोलीत एक अक्का राहतात हे त्यानं मला सांगितलंच नाही. मी 11 हजार टोकन दिलं आणि त्यानंतर आई सहज बघायला गेली. त्या दिवशी नेमकं नळाला पाणी आलेलं (आमच्याकडं रोज येत नाही), अख्खा बोळ घागरी आणि मोटारीत. आई बायकांच्यात उभी राहून बोलत बसली आणि अर्ध्या तासात सगळं बाहेर आलं. अक्का सासऱ्यांच्या काळापासून भाडेकरू, पावत्या जपून ठेवलेल्या, भाडं दोनशे रुपये. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात वर्षाला 4 टक्केच वाढवता येतं, म्हणजे आठ रुपये. आणि त्यांना काढून मला काय करायचंय, कोर्टात आयुष्य जायचं आणि शिव्याशाप वेगळेच. एजंटला फोन केला तर म्हणतो "त्यांचं बघू की नंतर, काहीतरी देऊन." काहीतरी म्हणजे किती ते काय शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्याच्याकडं महारेराचं, म्हणजे बिल्डर-एजंटची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचं, सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय, त्याला भुलू नका. रेरा नवीन प्रोजेक्टला, ते पण 500 चौरस मीटरपर्यंतचीच जागा किंवा 8 पर्यंतच फ्लॅट असतील तर नाही. अशा जुन्या घराला वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) काढायचा आणि पाण्याच्या दिवशी जाऊन शेजाऱ्यांशी बोलायचं, सर्चमध्ये पावतीवाला भाडेकरू दिसत नाही. आणि पुढं घ्यायचंच ठरलं तर बायकोच्या किंवा आईच्या नावावर घ्या, स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सूट आहे, हे पण त्यानंच सांगितलं, म्हणून अर्धा स्टार जास्तीचा.

टोकन परत मिळायला तीन आठवडे आणि नऊ फोन लागले. हजार रुपये "फिरण्याचे" म्हणून कापले, चहा त्यातच आला असणार.

गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, गावी आलो तेव्हा परत त्याचा फोन, स्टेशनपासून चालत पाच मिनिटं, एकदम क्लिअर. म्हटलं आत कोण राहतं आणि पाणी कुठल्या दिवशी येतं तेवढं सांगा. "विचारून सांगतो" म्हणाला. अजून विचारतोय.