कार्डाचं कर्ज फेडून आठ महिने झाले, ते १,२४२ रुपये अजून खुपतात

काल त्याच बँकेचा फोन आला, 'सर, लाइफटाइम फ्री क्रेडिट कार्ड मंजूर झालंय.' फोन ठेवला आणि हे लिहायला बसलो.

कार्डाच्या थकबाकीवर महिना साडेतीन टक्के व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही होतं. तरी ८६,००० थकल्यावर दीड वर्ष मी नुसता मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरत राहिलो. सुरुवातीला ४,३०० भरले की ३,५५० व्याज-जीएसटीत जायचे, मुद्दल उतरायचं जेमतेम ७५०नं. आणि तिकडे सात टक्क्यांची एफडी तशीच पडून! ठेवीला हात लावायचा नाही, ही घरची शिस्त. शेवटी बोनस घातला, एफडी मोडली आणि बिलावरचे ६१,००० एकरकमी भरले. त्या रात्री शांत झोप लागली.

पुढच्या महिन्यात बिल आलं, १,२४२ रुपये. कार्ड तर कपाटात होतं. कस्टमर केअरनं सांगितलं, बिल निघाल्यापासून पैसे जमा होईपर्यंतच्या १५ दिवसांचं व्याज. मी स्वतः मांडून पाहिलं: ६१,००० वर दिवसाला ७० रुपये, अधिक जीएसटी. हिशोब बरोबर निघाला, म्हणून तर जास्त संताप आला. भरताना कुणी एका शब्दानं सांगितलं नाही. ते बिल मी उघडलंच नसतं तर त्यावर लेट फी चढली असती आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, थकबाकी दिसली असती. कर्ज फेडणाऱ्यांनी बिलावरचा आकडा भरून थांबू नये. त्या दिवशी फोन करून 'आज खातं पूर्ण मिटवायला किती?' असं विचारावं आणि तेवढे भरावेत.

कार्ड बंद करायलाही झगडावं लागलं. ईमेल केला, तर फोनवर ऑफर सुरू. बाकी शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२चा नियम आहे. तो ईमेलमध्ये लिहिल्यावर दोन दिवसांत नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचं, पत्र आलं.

एफडीबद्दल मात्र माझं मत बदललंय. सगळी मोडली हेच शहाणपण, असं मी तीन महिने सगळ्यांना सांगत होतो. चौथ्या महिन्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला २२,००० कमी पडले. मेहुण्याकडून हातउसने घ्यावे लागले, दोन पगारांत फेडले. आज करायचं असतं तर २५,००० बाजूला ठेवले असते, उरलेलं कर्ज दोन-तीन महिन्यांत संपवलं असतं. त्यावर व्याज गेलं असतं, हे मान्य.

आता दर पाच तारखेला ४,३०० पोस्टातल्या आरडीत जातात. रक्कम मुद्दाम तीच ठेवली आहे. वॉशिंग मशीनची मोटर जळाली तेव्हा मेकॅनिकला रोख पैसे दिले, आणि कार्डाच्या बिलाची अठरा तारीख कधी आली-गेली ते कळलंही नाही.