मालवणातली घरगुती खाणावळ: मासे झकास, घाईवाल्यांनी जाऊ नये

आमचा व्हॉट्सअॅपवर मासेखाऊंचा ग्रुप आहे. चिपळूण, पुणे, सोलापूर, कुठकुठची माणसं. बहुतेकांनी एकमेकांना डीपीपलीकडे पाहिलेलं नाही. भांडण कायमचं एकच: बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे आंबट-तिखट रश्श्यात, तिरफळं (कोकणातला जीभ बधिर करणारा मसाला) किती. "मालवणात बसूनच ठरवू" म्हणत डिसेंबरात आम्ही आठजण मालवणच्या दांडी किनाऱ्याच्या बाजूच्या एका खाणावळीत पोचलो.

आधी वाईट सांगते. ऑर्डर दिल्यावर मासा तव्यावर पडतो, पाऊण तास सहज जातो. जेवून लगेच सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी गाठायची असेल तर इथे येऊच नका. सोलकढी दुसऱ्यांदा मागितली की पातळ येते. हात धुवायला मागच्या दारी एकच नळ.

पण आम्हाला तो पाऊण तासच पावला. सुरुवातीला सगळे अवघडलेले. दोघं समोरासमोर बसून ग्रुपवरच फोटो टाकत होते. रोज पानभर लिहिणाऱ्या बाई 'हो', 'नाही'च्या पुढे जाईनात. पाणी घेऊन आलेल्या काकींनी विचारलं, "तुमी सगळी एकाच घरातली काय?" कुणीतरी म्हणालं, "नाही, एकाच ग्रुपातली." काकी अशा काही हसल्या की तिथून गप्पांना तोंड फुटलं.

तिखलं आलं. खोबरं नाही, लालभडक दाट रस, आमसुलाचा आंबटपणा आणि तिरफळाचा घमघमाट. सोलापूरच्या दादांनी तिरफळ चावलंच! जीभ बधिर. "चावू नकात, बाजूक काढून ठेवा," काकी आतून ओरडल्या. शेजारच्या गृहस्थांकडून ग्रुपवर आजवर अंगठ्याशिवाय काही आलेलं नाही. त्यांनी न विचारता दादांचं ताट पुढ्यात ओढलं, बांगड्याचा मधला काटा अखंड उचलून काढला, बारीक काटे बोटांनी चाचपून वेचले आणि ताट परत सरकवलं. अंगठ्यावरून हे कसं कळावं? अर्थात ग्रुप नसता तर सोलापूरचे दादा आमच्या पंगतीला आलेच नसते, हेही खरं. व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपात १०२४ माणसं मावतात. इथल्या पडवीत वीस बसली की दाटी होते, आणि तेवढीच बरी.

तिरफळांचं भांडण अजून चालू आहे.

बांगडा थाळी २५० रुपये, भात उकडा, वाढताना हात आखडत नाहीत. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट धरू नका. आदल्या दिवशी फोन करून किती माणसं ते सांगा, नाहीतर काकी सरळ "जागा नाय" म्हणून मोकळ्या होतात.