छत्तीस हजारांचे ब्रेक आणि चोर्ला घाटाची उतरण

बिल अजून माझ्याकडे आहे. स्पोर्ट डिस्कची जोडी १६,५००, सिरॅमिक पॅड ६,८००, स्टीलच्या जाळीचे ब्रेक पाइप ७,४००, डॉट ५.१ दर्जाचं ब्रेक ऑइल १,८००, मजुरी ३,५००. एकूण ३६,००० रुपये. मजुरी सोडली तर यातली एकही ओळ खरी नव्हती. त्याचा पहिला झटका मला बसला तेव्हा मी चोर्ला घाट उतरत होतो आणि गाडीत आई, बायको आणि दहा वर्षांची मुलगी होती.

मी डिचोलीला राहतो, नोकरी पणजीला. गाडी २०१४ ची साधी हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम, ८० हजार किलोमीटरच्या पुढे चाललेली. आमोणा, खांडोळा, माशेल, बाणस्तारी असा माझा रोजचा रस्ता. गेल्या जुलैत भर पावसात खांडोळ्याला वळणावर गुरं बसली होती. ब्रेक दाबला, गाडी घसरत गेली आणि एका बैलापासून जेमतेम हातभर अंतरावर थांबली. त्या रात्री मला झोप लागली नाही. ब्रेक चांगले करून घ्यायचे हे मी तेव्हाच ठरवलं. फसवणूक करणाऱ्याला असंच घाबरलेलं गिऱ्हाईक हवं असतं.

म्हापसा-पर्वरी पट्ट्यातल्या एका दुकानाचे व्हिडिओ मोबाइलवर सारखे येत होते. लाल रंगाचे कॅलिपर (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारी पकड), भोकं पाडलेल्या चकचकीत डिस्क. गेलो. काउंटरवरचा तरुण फार नम्रपणे बोलला. "सर, कंपनीचे ब्रेक शहरात चालवण्यापुरते असतात. तुम्ही घाटात जाता, फॅमिली असते सोबत. सुरक्षेवर पैसे वाचवू नका." माझी एवढी एकच दुखरी नस होती आणि त्याने नेमकी तीच धरली. आज मागे वळून बघताना मला एक गोष्ट सगळ्यात जास्त खटकते. त्याने गाडीचं एकही चाक उघडलं नाही. ब्रेक का लागत नाहीत हे न बघताच कोणते बसवायचे ते सांगितलं. डॉक्टरने नाडीला हात न लावता ऑपरेशनची तारीख दिली तर आपण उठून येतो. मी तिथे आगाऊ पैसे भरले.

काम चालू असताना मला आत उभं राहू दिलं नाही. "इन्शुरन्सचा नियम आहे सर, बाहेर बसा." संध्याकाळी गाडी मिळाली तेव्हा चाकांच्या फटींतून लाल कॅलिपर दिसत होते. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, भंगारवाला दुपारीच घेऊन गेला. मग तो मला पर्वरीच्या पठारावर घेऊन गेला, ४० च्या वेगात गाडी सोडली आणि करकचून ब्रेक दाबला. आम्ही दोघंही पट्ट्यांत अडकून पुढे झुकलो. "बघितलंत?" मी बघितलं आणि खूश झालो. पेडलही पूर्वीपेक्षा वर आलं होतं, पाय ठेवताच ब्रेक धरत होता.

कोरड्या रस्त्यावर ४० च्या वेगात कुठलीही धड गाडी अशीच थांबते. ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणारं यंत्र. वेग दुप्पट झाला की ती उष्णता चौपट होते. म्हणून पठारावरच्या एका दाबण्यात काहीच कळत नाही. ब्रेक बघायचा तो लांब उतरणीवर, पुन्हा पुन्हा दाबून.

एप्रिलमध्ये बेळगावला भाचीचं लग्न होतं. रविवारी दुपारी परत निघालो. सुर्ला मागे टाकून खाली केरीच्या दिशेने उतरायला लागलो. पूर्वी मी हा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये सांभाळून उतरायचो. त्या दिवशी नवीन ब्रेकच्या भरवशावर चौथ्यात होतो आणि वळणावळणाला पेडल दाबत होतो. ही माझी चूक होती आणि ती मी लपवत नाही. पण हा भरवसा मला पैसे घेऊन विकलेला होता.

आधी वास आला, जळक्या रबरासारखा. आईने विचारलंही, "काय जळतंय रे?" पुढच्या वळणावर पेडल जरा मऊ लागलं. त्याच्या पुढच्या वळणावर पाय थेट खाली गेला आणि गाडीने वेग सोडला नाही. उजवीकडे खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसत होतं. मी तिसरा, मग दुसरा गियर टाकला. इंजिन ओरडलं. हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. डावा पत्रा दगडाला घासत गेला आणि आम्ही थांबलो. मुलीच्या तोंडून आवाजही फुटला नव्हता. तिने मागून माझा शर्ट मुठीत धरला होता, तो सोडवायला तिच्या आईला दोन मिनिटं लागली.

एका ट्रकवाल्याने थांबून पाणी दिलं. चाकांवर ओतू नका, तापलेली डिस्क तडकते, हेही त्यानेच सांगितलं. पाऊण तासाने पेडल दाबून बघितलं तर ब्रेक परत आला होता! पहिल्यासारखा घट्ट. हे फार महत्त्वाचं आहे, म्हणून सांगतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ ऑइल नवं कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे, पण त्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात कॅलिपर तापतो, ऑइल उकळतं, पाइपमध्ये वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल खाली जातं आणि पॅडपर्यंत जोर पोचतच नाही. गाडी थंड झाली की वाफेचं परत पाणी होतं आणि सगळं ठीकठाक दिसतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही तक्रार घेऊन गेलात तर दुकानदार पेडल दाबून दाखवतो आणि म्हणतो, "सर, ब्रेक तर मस्त आहे, तुम्हाला भास झाला असेल."

मी त्या दुकानात गेलो नाही. पहिल्या गियरमध्ये रांगत केरीपर्यंत आलो आणि गाडी टो करून साखळीला माझ्या वडिलांच्या वेळेपासून ओळखीच्या असलेल्या मेस्त्रीकाकांच्या गॅरेजात नेली. त्यांनी मला शेजारी स्टूल दिलं. "बसा सर, उघडतो ते तुमच्या डोळ्यांसमोर."

आधी लाल कॅलिपर. तो पत्र्याचा मुखवटा निघाला, तारेने बांधलेला. आत माझाच जुना गंजका कॅलिपर होता, आणि मुखवट्यामुळे त्याला लागणारा वाराही अडला होता.

मग डिस्क. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते, इंग्रजीत 'मिन' असं लिहून पुढे मिलिमीटरचा आकडा. माझ्या डिस्कवर तो १८ होता. काकांनी व्हर्नियर लावला, १६.८ भरली. म्हणजे कुणाच्या तरी झिजलेल्या, फेकून देण्याच्या लायकीच्या डिस्क लेथवर तासून, वर चंदेरी रंग मारून, साध्या ड्रिल मशीनने भोकं पाडून मला विकल्या होत्या. डिस्क बिडाची असते. भोकं कुठे पाडायची ते डिस्कच्या आत हवा खेळवणाऱ्या पंखांच्या रचनेप्रमाणे ठरतं आणि त्यांच्या कडा उतरत्या कराव्या लागतात. या भोकांना धारदार कडा होत्या, काही तर पंख कापून गेली होती. काकांनी एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत नखाने रेघ ओढून दाखवली. तिथे केसाएवढी चीर होती. आणखी एखादा घाट झाला असता तर त्या डिस्कचा तुकडाच पडला असता. माझे हात थंड पडले.

पॅडवर ना कंपनीचं नाव, ना कडेवरचा घर्षणाचा शिक्का. बऱ्याच चांगल्या पॅडवर 'एफएफ' किंवा 'जीजी' अशी दोन अक्षरं असतात, पहिलं साध्या तापमानातल्या पकडीचं, दुसरं तापल्यानंतरच्या पकडीचं. जाळीचे ७,४०० रुपयांचे पाइप कापले तर आत माझेच जुने रबरी पाइप, वरून स्टीलची जाळी चढवलेली आणि टोकांना काळी नळी आवळलेली. रबराला बारीक भेगा. ब्रेक ऑइल काढलं ते कडक चहासारखं होतं. काकांकडे ओल बघायचं पेनासारखं यंत्र आहे, त्याचा लाल दिवा लागला. डॉट ५.१ सोडा, जुनं ऑइल बदललंच नव्हतं. आणि पेडल वर कसं आलं? मागचा हँडब्रेकचा केबल ताणून ठेवला होता. त्यामुळे मागचे शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या अर्धगोल पट्ट्या, ड्रमला सतत घासत होते, म्हणजे पेडल वर आणि चाकं गरम. ती करामत मला सगळ्यात जास्त लागली, कारण मी जिला सुधारणा समजून खूश होत होतो तीच मला घाटात नडली.

एवढं झाल्यावर मी काकांना विचारलं, मग जुलैत गाडी का थांबली नव्हती? त्यांनी टायरवर बोट ठेवलं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्यावर ३११६ होतं. २०१६ सालचा एकतिसावा आठवडा. रबर दगडासारखं कडक झालं होतं. चाक लॉक करण्याएवढा किंवा एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालू करण्याएवढा जोर तुमच्या ब्रेकमध्ये असेल, तर पुढचं काम टायरचं असतं. तिथे कितीही मोठी डिस्क लावा, थांबण्याचं अंतर कमी होत नाही. मोठ्या डिस्कचा, चांगल्या पॅडचा खरा उपयोग उष्णता झेलण्यात आहे. रोज ऑफिसला जाणाऱ्या, वर्षातून चार वेळा घाट चढणाऱ्या गाडीला कंपनीचे, पण ठणठणीत ठेवलेले ब्रेक पुरतात. ठणठणीत म्हणजे काय, तर ऑइल दोन वर्षांनी बदललेलं, मागचे ड्रम उघडून साफ केलेले, शू आणि ड्रममधलं अंतर राखणारे, समुद्राच्या हवेने गंजलेले अ‍ॅडजस्टर सुटे केलेले. माझ्या मागच्या एका चाकाचा सिलिंडर गळत होता आणि डाव्या बाजूचा अ‍ॅडजस्टर गंजून बसला होता. ते कधीच कुणी उघडून बघितलं नव्हतं.

घाटातल्या उष्णतेचा हिशेब मी नंतर स्वतः केला. माणसांसकट १,२५० किलोची गाडी १०० मीटर खाली उतरते तेव्हा तिची जी ऊर्जा जिरवावी लागते, तिच्यात साडेतीन लिटर पाणी उकळायला येईल. आणि असे शंभर-शंभर मीटर चोर्ल्याला अनेकदा उतरावे लागतात. खालच्या गियरमध्ये यातला मोठा वाटा इंजिन उचलतं. चौथ्यात तो जवळपास सगळा ब्रेकवर पडतो.

काकांनी कंपनीच्या डिस्क, पॅड, चारही रबरी पाइप, मागचे शू, दोन सिलिंडर आणि डॉट ४ ऑइल घालून ११,९०० रुपये घेतले. टायर वेगळे. प्रत्येक पार्टचा खोका माझ्यासमोर फोडला, जुने पार्ट गोणीत भरून माझ्या डिकीत ठेवले. दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका, पॅड डिस्कवर बसू द्या, असं बजावलं. त्या दुकानाने हे एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

आता बिलाबद्दल. त्यावरचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होत होता. २७ हा महाराष्ट्राचा कोड, गोव्याचा ३०. पोर्टलवर तो क्रमांक टाकला तर नोंदणी रद्द झालेली दिसली. हे बघायला मला एक मिनिट लागलं आणि ते एक मिनिट मी पैसे देण्याआधी काढलं नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. मोठे कॅलिपर खरोखर बसवले असते आणि अपघात झाला असता, तर विमा कंपनीने दावा अडवला असता, हेही मला विमा एजंटनेच नंतर सांगितलं.

तक्रार केली आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, मग उत्तर गोव्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे, ई-जागृती पोर्टलवरून. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. काकांनी मोजमापांचा कागद सही करून दिला. फोटो, बिल, पैसे दिल्याचा मोबाइलवरचा पुरावा जोडला. कुणाला असंच झालं असेल तर पार्ट काढण्याआधी गाडीवर असतानाच त्यांचे फोटो काढा, नंतर दुकानदार म्हणतो हे आमचे नाहीतच. आमचे फोटो मेस्त्रीकाकांनी आठवणीने काढायला लावले होते.

गेल्या आठवड्यात त्या दुकानातून फोन आला. तोच नम्र आवाज. "सर, वीस हजार परत घ्या, तक्रार मागे घ्या, गोष्ट इथेच मिटवू." मी नाही म्हटलं. पैशांसाठी नाही. त्याच्याकडे अजून रोज गाड्या येतात, व्हिडिओ अजून चालू आहेत, आणि कुणाच्या तरी मागच्या सीटवर लहान मूल बसलेलं असणार. तडकलेल्या दोन्ही डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून मी माळ्यावर ठेवल्या आहेत. आयोगातल्या पहिल्या सुनावणीला त्या मी सोबत घेऊन जाणार आहे.